प्रमाणपत्र दोनशे तासांचे, हजेरी एकशे चाळीसची: एका योगशिक्षक प्रशिक्षण संस्थेचे प्रकरण

हे एका लहान योगशिक्षक प्रशिक्षण संस्थेचे प्रकरण आहे. संस्था, माणसे आणि ठिकाण ओळखू येईल असे तपशील काढले आहेत. तासांचे आकडे आणि निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे, कारण सगळा वाद त्या दोहोंतच आहे.

पार्श्वभूमी

संस्थेत माणसे मोजकीच: तीन कायम प्रशिक्षक, शरीररचना शिकवायला बाहेरून येणाऱ्या एक फिजिओथेरपिस्ट आणि कारभार पाहणाऱ्या संचालिका. योगशिक्षक प्रशिक्षणाचा निवासी वर्ग २५ दिवसांचा होता. रोजचे आठ तास धरून त्याचे २०० तास होत. तोवर चार तुकड्या बाहेर पडल्या होत्या आणि प्रमाणपत्र घेऊन गेलेले एकूण ४६ जण होते.

शिकवणे चांगले होते, हे आधीच नोंदवायला हवे. आसनांत घाई नव्हती, प्राणायाम टप्प्याटप्प्याने शिकवला जाई, विद्यार्थी समाधानाने घरी जात. घोळ झाला तो कागदावर, आणि तोही एका सवयीमुळे.

माहितीपत्रकात दोन वाक्ये पहिल्या तुकडीपासून जशीच्या तशी छापली जात होती. एक, ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त २०० तासांचा अभ्यासक्रम’. दुसरे, ‘पाठदुखी, मधुमेह व उच्च रक्तदाबासाठी योगोपचार देण्याची पात्रता’. पहिल्या वाक्याला आधार एवढाच होता की मुख्य प्रशिक्षकांची स्वतःची योगा अलायन्सकडे २०० तासांच्या श्रेणीत नोंदणी होती. दुसऱ्याला आधार म्हणजे शेवटच्या आठवड्यात होणारी तीन व्याख्याने.

योगा अलायन्स ही अमेरिकेत १९९९ मध्ये स्थापन झालेली ना-नफा संस्था आहे. ती परवाना देत नाही आणि शिक्षकाची परीक्षाही घेत नाही. तिच्याकडे दोन वेगळ्या नोंदी असतात, एक शाळांची आणि दुसरी शिक्षकांची. शाळेने आपला अभ्यासक्रम, विषयवार तास आणि प्रशिक्षकांची पात्रता दाखवून नोंदणी घ्यायची, आणि अशा नोंदणीकृत शाळेतून वर्ग पूर्ण केलेल्याने नंतर शिक्षक म्हणून स्वतःची नोंदणी करायची, असा हा क्रम आहे. मुख्य प्रशिक्षकांची नोंदणी खरी होती. शाळेची नोंदणी नव्हती, आणि त्यासाठी कधी अर्जही केला गेला नव्हता. प्रशिक्षकाची नोंदणी म्हणजेच शाळेची मान्यता, असा समज या क्षेत्रात बराच पसरलेला आहे. त्यात दर वेळी लबाडी असतेच असे नाही, पण नुकसान व्हायचे ते होतेच.

समस्या कशी पुढे आली

चौथ्या तुकडीतल्या एका विद्यार्थिनीला एका जिममध्ये योगवर्ग घेण्याचे काम मिळत होते. जिमच्या अटी दोन होत्या: योगा अलायन्ससारख्या ओळखीच्या नोंदणीत नाव आणि व्यावसायिक दायित्वाचा विमा, म्हणजे वर्गात कुणाला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी घेणारा विमा. नोंदणीचा अर्ज भरताना शाळेचे नाव निवडायचे असते. यादीत ते सापडेना. विमा कंपनीने विषयवार तासांचे विवरण मागितले. संस्थेच्या कार्यालयाने ‘सदर विद्यार्थिनीने २०० तास समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहेत’ असे एका ओळीचे पत्र दिले. कंपनीने ते परत पाठवले.

मग विद्यार्थिनीचे लेखी पत्र आले. त्यात तीनच प्रश्न होते. शाळा कुणाकडे नोंदणीकृत आहे? नसेल, तर ‘मान्यताप्राप्त’ कशाच्या आधारावर लिहिले? आणि २०० तासांचा हिशेब काय?

पहिला निर्णय: उत्तर कधी द्यायचे

मुख्य प्रशिक्षक दुखावले गेले. “आपण कुणाला फसवलेलं नाही, मनापासून शिकवलंय. योग काय तासावर मोजायचा असतो का?” असे त्यांचे म्हणणे होते. परंपरेचे महत्त्व सांगणारे दोन पानी उत्तरही त्यांनी लिहून ठेवले. संचालिकांनी ते पाठवले नाही. त्यांनी त्याच दिवशी चार ओळींचे पत्र पाठवले: तक्रार मिळाली, नोंदी तपासतो आहोत, पंधरा दिवसांत आकड्यांसह उत्तर देऊ, आणि शाळेची नोंदणी नाही हे आत्ताच सांगतो.

शेवटचे वाक्य पहिल्याच पत्रात असणे महत्त्वाचे होते. ती माहिती तपासणीवर अवलंबून नव्हती, आणि तिच्याविना विद्यार्थिनीला नोकरीबद्दल काही ठरवता येत नव्हते. जे ठाऊक आहे ते लगेच सांगायचे आणि जे मोजायचे आहे त्याला तारीख द्यायची, ही विभागणी पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात कामी आली.

तासांची तपासणी

तपासणीसाठी तीन कागद शेजारी ठेवले गेले: वेळापत्रक, विद्यार्थ्यांची हजेरी आणि प्रशिक्षकांची कामाची वही. बाहेरच्या शिक्षिकेसाठी मानधनाची नोंद घेतली. वेळापत्रकातून काय ठरले होते ते कळते, हजेरीतून कोण शिकायला बसले होते ते, आणि तिसऱ्या वहीतून शिकवायला कोण होते ते. बहुतेक संस्था पहिल्या दोन कागदांवर थांबतात आणि तिथेच फसतात.

मोजायचा नियम संस्थेने मुद्दाम कडक ठेवला. प्रशिक्षक समोर किंवा थेट ऑनलाइन हजर असेल, विद्यार्थी त्याला प्रश्न विचारू शकत असेल, तरच तो संपर्क तास. चौथ्या तुकडीचा हिशेब असा निघाला:

| विषय | सांगितलेले तास | सापडलेले संपर्क तास |
|---|---|---|
| आसन, प्राणायाम, क्रिया, ध्यान | ९० | ६८ |
| शिकवण्याची पद्धत | ३० | २६ |
| शरीररचना व शरीरक्रिया | २० | १२ |
| तत्त्वज्ञान, इतिहास, नीती | ३० | २४ |
| प्रत्यक्ष वर्ग घेण्याचा सराव | १० | १० |
| वाचन व गृहपाठ | २० | ० |
| एकूण | २०० | १४० |

पहिल्या ओळीतले २२ तास पहाटेच्या साधनेचे होते. बावीस दिवस रोज एक तास विद्यार्थी आपापले बसत आणि प्रशिक्षक त्याच वेळी स्वतःची साधना करत. साधना म्हणून ते उत्तमच, पण त्याला शिकवणे म्हणता येत नाही. शरीररचनेचे आठ तास रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंचे होते. तत्त्वज्ञानातले सहा तास संध्याकाळच्या मंत्रपठणाचे निघाले. शिकवण्याच्या पद्धतीतले चार तास प्रशिक्षक आजारी असल्याने बुडाले होते आणि ते पुन्हा घेतले गेले नव्हते.

खरा धक्का मात्र त्या ओळीत होता जिथे दोन्ही रकान्यांत आकडा सारखाच आहे. वर्ग घेण्याचा सराव दहा तास झाला होता आणि प्रशिक्षक पूर्णवेळ हजर होते. पण तुकडीत १४ जण होते आणि एका वेळी एकच जण शिकवत असे. ६०० मिनिटे भागिले १४, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४३ मिनिटेसुद्धा पूर्ण येत नव्हती. उरलेला वेळ प्रत्येकाने दुसऱ्याच्या वर्गात विद्यार्थी म्हणून काढला. योगा अलायन्सच्या जुन्या २०० तासांच्या निकषांत सरावाच्या दहा तासांपैकी किमान पाच तास प्रत्येकाने स्वतः वर्ग घ्यायचा असे. पाहणे, मदत करणे आणि दुसऱ्याला अभिप्राय देणे त्या पाचांत धरले जात नसे. त्या मापाने इथे पाऊण तासही भरत नव्हता. एकूण तासांच्या बेरजेत ही उणीव कधीच दिसली नसती.

कोणता मानदंड धरायचा

आता प्रश्न होता तो कोणत्या मापाने स्वतःला मोजायचे याचा. तीन वाटा समोर होत्या.

पहिली शाळेच्या नोंदणीची. योगा अलायन्सच्या नव्या चौकटीत २०० तासांच्या वर्गासाठी चार गटांत किमान तास ठरलेले आहेत: तंत्र व सराव ७५, शरीररचना व शरीरक्रिया ३०, तत्त्वज्ञान-इतिहास-नीती ३०, आणि अध्यापनपद्धती, वर्ग घेण्याचा सराव, व्यावसायिक आचार हे मिळून ५०. बेरीज १८५, उरलेले १५ शाळेने आपल्या पद्धतीने वापरायचे. या मापाने संस्थेत अनुक्रमे ७, १८, ६ आणि १४ तास कमी पडत होते. मुख्य प्रशिक्षकांसाठीही २०० तासांची साधी नोंदणी पुरेशी नव्हती, अनुभवी श्रेणी लागत होती. ५०० तासांच्या अनुभवी श्रेणीला किमान चार वर्षांत २००० तास शिकवल्याची नोंद द्यावी लागते. त्यांनी त्याच्या दुप्पट तरी शिकवले असेल, पण लिहून काहीच ठेवलेले नव्हते.

दुसरी वाट व्यक्तीच्या परीक्षेची. भारतात आयुष मंत्रालयाखाली २०१८ मध्ये स्थापन झालेले योग सर्टिफिकेशन बोर्ड शिक्षकाचीच लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घेते. योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, योग वेलनेस इन्स्ट्रक्टर, योग टीचर अँड इव्हॅल्युएटर आणि योग मास्टर अशा त्याच्या पायऱ्या आहेत. उमेदवार कुठल्या शाळेतून आला यापेक्षा परीक्षकासमोर तो काय करतो याला तिथे वजन आहे.

तिसरी वाट परंपरेअंतर्गत मूल्यमापनाची. अय्यंगार परंपरेत जसे अनुभवी मार्गदर्शकाखाली काही वर्षे काढल्यावरच मूल्यमापनाला बसता येते, तसे. ही वाट संस्थेला भावली, पण ती एखाद्या प्रस्थापित परंपरेला बांधलेली असते. चार तुकड्यांच्या स्वतंत्र संस्थेने स्वतःलाच परंपरा म्हणून घोषित करण्यात अर्थ नव्हता.

पहिल्या दोन वाटांत कोणती श्रेष्ठ, यावर बैठकीत बराच वेळ गेला. आमच्या मते तो वाद चुकीच्या जागी होता. शाळेची नोंदणी प्रक्रिया तपासते: किती तास, कोणते विषय, कुणी शिकवले. परीक्षा निष्पत्ती तपासते: हा माणूस आज वर्ग घेऊ शकतो का. तास भरलेला विद्यार्थी वर्गात गोंधळू शकतो, आणि परीक्षेत चमकलेल्याला सहा महिन्यांनी गुडघा दुखणारा माणूस समोर आला की काही सुचत नाही, असेही होते. संस्थेने शाळेच्या नोंदणीसाठी अभ्यासक्रम नव्याने बांधायचे ठरवले आणि विद्यार्थ्यांना बोर्डाच्या पहिल्या पायरीची परीक्षा ऐच्छिक म्हणून सुचवायचे ठरवले. माहितीपत्रकातून ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द त्याच आठवड्यात काढला गेला. नोंदणी मिळेल तेव्हा ‘अमुक संस्थेकडे अमुक श्रेणीत नोंदणीकृत शाळा’ एवढेच लिहायचे, विशेषण लावायचे नाही, असे ठरले.

जुन्या ४६ जणांचे काय

सगळ्यात अवघड निर्णय हाच होता. तक्रार एकीचीच होती. बाकीच्यांना काही कळवले नाही तर बहुधा कुणी विचारलेही नसते. आणि शाळेला पुढे नोंदणी मिळाली, तरी आधी पूर्ण झालेले वर्ग आपोआप त्याखाली येतील असे धरून चालता येत नव्हते.

चार पर्याय लिहून काढले गेले. फक्त तक्रार करणारीचे निस्तरायचे. सगळ्यांना कळवायचे, पण उपाय द्यायचा नाही. सगळ्यांना कळवून उरलेले तास मोफत पूर्ण करून द्यायचे. किंवा सगळ्यांना शुल्क परत करायचे. पहिल्याने पुढच्या विमा दाव्यात किंवा नोकरीच्या पडताळणीत तेच प्रकरण पुन्हा उघडले असते, आणि तेव्हा संस्थेला हे आधीपासून माहीत होते हेही उघड झाले असते. चौथा पर्याय संस्था बंद पाडणारा होता, शिवाय त्याने कुणाच्या शिकवण्यात काही फरक पडला नसता. तिसरा निवडला गेला आणि ज्यांना तास नको असतील त्यांना शुल्काचा ठरावीक भाग परत घेण्याची मुभा ठेवली.

पत्राचा मसुदा तीनदा बदलला. पहिल्यात ‘आमचा अभ्यासक्रम अधिक समृद्ध करत आहोत’ असे वाक्य होते. ते काढले. शेवटच्या पत्रात चार गोष्टी होत्या: शाळा नोंदणीकृत नव्हती, तुमच्या तुकडीचे विषयवार संपर्क तास इतके आहेत, फरक भरून काढण्याचे पर्याय हे, आणि उत्तर न दिल्यास मूळ प्रमाणपत्र रद्द होणार नाही, पण विचारणा आली तर आम्ही हाच तक्ता देऊ. शेवटचा मुद्दा काहींना कठोर वाटला. तो लिहिला नसता, तर विचारणा आल्यावर कार्यालयातल्या माणसाने पुन्हा एका ओळीचे पत्र दिले असते.

‘योगोपचार’ या शब्दाचा प्रश्न

माहितीपत्रकातले दुसरे वाक्य काढायला फिजिओथेरपिस्ट शिक्षिकेचा विरोध होता, आणि तो समजण्यासारखा होता. लोक योगवर्गाला येतात तेच मुळी दुखणी घेऊन. शिक्षकाला त्याबद्दल काहीच ठाऊक नसेल तर ते अधिक धोक्याचे, असे त्या म्हणत.

पण तीन व्याख्यानांवर उपचाराची पात्रता देता येत नाही. इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ योगा थेरपिस्ट्सच्या निकषांत उपचारकाचे प्रशिक्षण किमान ८०० तासांचे आणि किमान दोन वर्षांचे आहे, तेही शिक्षक-प्रशिक्षण झाल्यानंतर. योग सर्टिफिकेशन बोर्डानेही उपचारकांच्या पायऱ्या शिक्षकांपासून वेगळ्या ठेवल्या आहेत. योगा अलायन्सने २०१६ मध्ये आपल्या नोंदणीच्या आधारावर ‘थेरपी’चा दावा करण्याला आळा घातला.

तोडगा असा निघाला: शब्द काढायचा, पण विषय ठेवायचा आणि त्याचा रोख बदलायचा. आता ते सत्र ‘कुणाला काय देऊ नये आणि कधी डॉक्टरकडे पाठवावे’ असे आहे. आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर दीर्घ कुंभक (श्वास रोखून धरणे), जोरकस भस्त्रिका (भात्यासारखा वेगाने श्वास घेणे-सोडणे) आणि उलटी आसने नाहीत. काचबिंदू असेल तर डोके खाली जाणाऱ्या स्थितीत थांबायचे नाही. त्यात शीर्षासनाबरोबर अधोमुख श्वानासनही येते, आणि हेच नेमके विसरले जाते. हाडे ठिसूळ झालेल्यांना जोर लावून पाठ गोल करत पुढे वाकवायचे नाही. गरोदरपणात कपालभाती आणि पोटावर दाब येणारी आसने बंद. याला जोडून धोक्याची लक्षणे: पाठदुखीबरोबर पाय बधिर होणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, छातीत दुखणे. यांपैकी काही दिसले की वर्ग तिथेच थांबवायचा. प्रवेशाच्या आरोग्यपत्रकात हेच प्रश्न आले. ते पत्रक पहिल्या वर्गाआधी शिक्षकाने स्वतः वाचून सही करायची, नुसते फाइलला लावायचे नाही.

नवा वर्ग आणि नवी परीक्षा

वर्ग ३४ दिवसांचा झाला आणि रोजचे तास सहावर आणले. आठ तासांच्या दिवसात शेवटचे दोन तास कुणाच्या डोक्यात शिरत नाहीत हे प्रशिक्षकांना आधीपासून दिसत होतेच. तुकडी १२ जणांची ठरली. वाटणी अशी: तंत्र व सराव ७८, शरीररचना ३०, तत्त्वज्ञान ३०, अध्यापन व व्यावसायिक आचार ५५, परीक्षा ७. पहाटेची साधना कायम आहे, तासांत मात्र धरली जात नाही.

प्रत्येकी पाच तास वर्ग घ्यायचा तर बारा जणांना एकामागून एक साठ तास लागले असते. म्हणून चौघांचे तीन गट केले, प्रत्येक गटाला एक प्रशिक्षक, तिन्ही गट एकाच वेळी. त्यामुळे वेळापत्रकात वीसच तास गेले. यातला अडथळा जागेचा. एकाच सभागृहात तीन आवाज एकमेकांवर चढतात आणि नवखा शिक्षक ओरडू लागतो. तीन वेगळ्या खोल्या मिळत नसतील, तर हे तास खरे होत नाहीत.

जुन्या परीक्षेत पर्यायी उत्तरांची लेखी चाचणी आणि वीस मिनिटांचा आधी बसवलेला वर्ग असे. आजवर कुणीही नापास झाले नव्हते, आणि याच गोष्टीने खरे तर आधीच शंका यायला हवी होती. नव्या पद्धतीत विषय अर्धा तास आधी कळतो, समोर अनोळखी माणसे असतात, आणि त्यांतल्या एकाने ‘मनगट दुखतंय’ असे वर्ग सुरू झाल्यावरच सांगायचे असते. परीक्षक दोन, त्यांतला एक बाहेरचा, ज्याने या तुकडीला कधी शिकवलेले नाही. गुणांची वाटणी: सुरक्षितता ३०, सूचना २०, निरीक्षण व दुरुस्ती २०, क्रम व वेळ १५, आचरण व स्पर्शाची परवानगी १५. उत्तीर्णतेला एकूण ७०, पण सुरक्षिततेत स्वतंत्रपणे किमान २४. ही दुसरी अट नसती, तर गोड बोलून आणि सुंदर क्रम लावून कुणीही धोकादायक वर्गासह पास झाले असते.

पहिल्या चाचणीतच गुणतक्ता कोलमडला. दोन परीक्षकांनी एकाच वर्गाचे चित्रीकरण पाहून गुण दिले आणि फरक १८ गुणांचा आला. कारण शोधले तेव्हा कळले की एकजण विद्यार्थ्याचे स्वतःचे आसन किती नेटके आहे यावर गुण देत होता. तक्त्यात ‘सूचना स्पष्ट होत्या’, ‘आत्मविश्वास चांगला’ अशी वाक्ये होती. त्यांत ज्याला जे हवे ते दिसते. मग प्रत्येक ओळ डोळ्यांना दिसणाऱ्या कृतीत बदलली. ‘सूचना स्पष्ट’ऐवजी ‘आसनात जाणे, थांबणे आणि बाहेर येणे या तिन्हींच्या सूचना दिल्या’. ‘निरीक्षण चांगले’ऐवजी ‘चटई सोडून किमान तिघांजवळ गेली आणि दुरुस्ती आधी शब्दांनी केली’. ‘आदराने वागली’ऐवजी ‘हात लावण्याआधी परवानगी विचारली आणि नकार आल्यावर दुसरा मार्ग दिला’. पुन्हा गुण दिले तेव्हा फरक चारवर आला. दहापेक्षा जास्त फरक आला, तर तिसऱ्याने चित्रीकरण पाहायचे, असा नियम झाला.

निष्पत्ती

४६ पत्रांना २९ जणांची उत्तरे आली. २१ जण उरलेल्या तासांसाठी आले, पाच जणांनी शुल्काचा भाग परत घेतला, तिघांनी फक्त विषयवार तक्ता मागितला. आलेल्या २१ पैकी १७ पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले, तिघे दुसऱ्यांदा, आणि एकाने मध्येच सोडले. पहिल्यांदा अडलेल्या तिघांनाही सुरक्षिततेत २४ मिळाले नव्हते. त्यांतले दोघे काही वर्षांपासून नियमित वर्ग घेत होते.

तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनीची नोकरी गेली. जिमला थांबायला वेळ नव्हता. तिने बोर्डाची परीक्षा दिली, ती उत्तीर्ण झाली, आणि ते प्रमाणपत्र व विषयवार तक्ता पाहून दुसऱ्या विमा कंपनीने तिला विमा दिला. संस्थेशी तिचा वाद मिटला, पण उरलेल्या तासांसाठी ती आली नाही.

शाळेच्या नोंदणीचा अर्ज पहिल्यांदा शंका लावून परत आला. शरीररचनेच्या पाठांत हाडा-स्नायूंची यादी होती, पण कोणत्या आसनात त्यांचे काय होते याचा उल्लेख नव्हता. शुल्कपरताव्याचे धोरण जोडलेले नव्हते. आणि तक्रार कुणाकडे करायची या रकान्यात संचालिकांचेच नाव होते. पहिली दोन कामे काही दिवसांत झाली. तिसऱ्याला वेळ लागला. संचालिकांविरुद्धच तक्रार असेल, तर ती ऐकणारा संस्थेबाहेरचा हवा, त्याला कागद मागण्याचा अधिकार हवा, आणि त्याचा निर्णय मानण्याचे संस्थेने लिहून द्यायला हवे. ओळखीतल्या ज्येष्ठ साधकाचे नाव पुढे आले होते, पण ते मुख्य प्रशिक्षकांचे गुरुबंधू निघाले म्हणून बाजूला ठेवले. शेवटी नोंदणी मिळाली, तीही मुख्य प्रशिक्षकांच्या जागी अनुभवी श्रेणीतल्या एका बाहेरच्या शिक्षिकेला प्रमुख दाखवून आणि प्रत्यक्षात तसे वर्ग वाटून देऊन. कागदावर नाव तिचे आणि वर्गात उभे दुसरेच, ही पळवाट सुचवली गेली होती. ती नाकारली गेली.

काय वेगळे करता आले असते

पत्र सगळ्यांना एकाच दिवशी पाठवले, पण तेव्हा पूरक तासांचे वेळापत्रक तयार नव्हते. तारखा कळायला पाच आठवडे लागले आणि त्या काळात अफवा पसरल्या. काहींना वाटले प्रमाणपत्रेच रद्द होणार. तारखा हातात घेऊनच पत्र पाठवायला हवे होते. तक्रार करणारीला लगेच आणि बाकीच्यांना दोन आठवड्यांनी, असेही चालले असते.

सगळ्या तुकड्यांना ६० तासांचीच उणीव आहे असे धरले गेले, कारण चौथ्या तुकडीचीच नोंद पूर्ण होती. पहिल्या तुकडीतल्या तिघांकडे स्वतःच्या वह्या होत्या आणि त्यांत शरीररचनेचे जास्त तास दिसत होते. आधी विद्यार्थ्यांकडून वह्या मागवल्या असत्या, तर काहींना कमी तास पुरले असते.

उत्तीर्ण होऊन गेलेल्यांना शिकवल्याच्या तासांची वही ठेवायला सांगणे ही गोष्ट अगदी शेवटी सुचली. योगा अलायन्सची नोंदणी टिकवायला दर तीन वर्षांत ४५ तास शिकवल्याची आणि ३० तास शिकल्याची माहिती द्यावी लागते. तारीख, ठिकाण, वेळ, वर्गाचा प्रकार, हजर संख्या आणि शक्य असेल तिथे आयोजकाची सही एवढे सहा रकाने पुरतात. मुख्य प्रशिक्षकांनीही आता तशी वही सुरू केली आहे. मागच्या वर्षांचे तास जुन्या वर्गांच्या पावत्या आणि सभागृहांच्या आरक्षणाच्या नोंदींवरून जुळवायचे काम चालू आहे, आणि जिथे पुरावा नाही ते तास सोडून दिले आहेत.